खड्ड्यापेक्षा उभी फट घातक: नाशिकमध्ये रोज सायकलने कामाला जाणाऱ्यांनी रस्ता कसा वाचावा

सायकलचं पुढचं चाक जमिनीला टेकतं ते दोन अंगठ्यांएवढ्या जागेवर. ब्रेक, वळण आणि तोल ही तिन्ही कामं तेवढ्याशा रबराकडे असतात. कोरड्या, स्वच्छ डांबरावर ते तिन्ही सांभाळतं. कच, ओला पांढरा पट्टा, लोखंडी झाकण किंवा शेवाळ आलं की त्याची पकड एकदम घटते आणि तिथे त्याच्याकडून एकच काम होतं: सरळ जाणं. त्या क्षणी ब्रेक दाबला किंवा हँडल वळवलं की चाक बाजूला निसटतं. म्हणून सगळ्या अडचणींवर उपाय एकाच जातीचा आहे. ब्रेक आधी लावायचा, दिशा आधी बदलायची, आणि अडचणीवरून जाताना चाक मोकळं आणि सरळ ठेवायचं.

अंतराचा हिशोब

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. शहरात कामाला जाणाऱ्याचा साधारण वेग एवढाच असतो. अडचण दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे साडेसात मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ४ मीटर लागतात. एकूण साधारण १२ मीटर.

पावसात हा हिशोब बिघडतो. रिमवर चालणाऱ्या ब्रेकचं रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग धरतं. चाकाचा एक फेरा सुमारे २ मीटरचा असतो आणि पहिले एक-दोन फेरे ब्रेक लागल्यासारखाच वाटत नाही. त्यानंतरही पकड कमी असल्याने थांबायला एकूण १७-१८ मीटर लागतात. म्हणून नजर पुढच्या चाकाजवळ ठेवून चालणार नाही, २० मीटर पुढे हवी. रिक्षाच्या किंवा बसच्या मागे चिकटून चालवलं की हे २० मीटर दिसतच नाहीत. पुढच्या गाडीच्या पोटाखालून निघालेला खड्डा थेट तुमच्या चाकाखाली येतो.

आधी रस्ता पायाखालचा करा

कामाच्या दिवशी घाईत रस्ता नीट दिसत नाही. एका रविवारी सकाळी तोच मार्ग हळू, ताशी १० च्या वेगाने, दोन्ही दिशांनी करून बघा. जाताना आणि येताना अडचणी वेगळ्या असतात, कारण बाजू वेगळी असते. फोनवर फोटो काढा आणि प्रत्येक ठिकाणी एक खूण धरून ठेवा, जसं की तिसरा विजेचा खांब किंवा वडापावची गाडी. चेंबर, जाळ्या, गतिरोधक आणि डांबर-काँक्रीटचे सांधे जागचे हलत नाहीत, ते पाठ करता येतात. कच, चिखल आणि काच रोज बदलतात, त्यांच्यासाठी नजर मोकळी राहायला हवी. पाठ केल्याचा खरा फायदा हाच.

पहिला जोराचा पाऊस झाला की ही पाहणी पुन्हा करा, आणि दिवाळीच्या आसपास, पावसाळ्यानंतरची डागडुजी झाली की तिसऱ्यांदा.

पर्यायी रस्ताही बघून ठेवा. पाथर्डी फाट्याकडून द्वारकेकडे येताना मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर सायकल घालू नका. खालचा सर्व्हिस रोड घ्या, पण तिथे कडेला साचलेला कच आणि पावसाच्या पाण्याच्या जाळ्या असतात हे धरून चाला. कॉलनीतून दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी रोजच्या जाण्यायेण्यात तो परवडतो.

उभ्या फटी आणि कडा

खड्डा दिसतो, त्यामुळे माणूस सावध होतो. फट मात्र चाकाच्या दिशेनेच धावत असते आणि डोळ्याला ती रस्त्याचाच भाग वाटते. सर्वांत जास्त लक्ष इथे द्या.

या फटी कुठे सापडतात? काँक्रीट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधला सांधा ही एक जागा. काँक्रीट आणि जुनं डांबर जिथे भेटतं तिथे एक-दोन इंचाची पायरी राहते. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका अशा काँक्रीट रस्त्याला गल्लीतून मिळताना सांधा आधी बघावा. पेव्हर ब्लॉकची रांग बसली की तिची कड वर राहते. नळाच्या, ड्रेनेजच्या किंवा केबलच्या पाइपसाठी खोदलेला चर मुरूम टाकून बुजवतात. पहिल्या दोन-तीन पावसांत मुरूम बसतो आणि रस्त्याच्या लांबीने अर्धा फूट रुंद घळ तयार होते, दोन्ही बाजूंना कापलेल्या डांबराची धार घेऊन. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची जी कामं निघाली आहेत, त्यांच्या आसपास असे चर गृहीत धरूनच चाला. ओझर-निफाडकडच्या काळ्या जमिनीतले रस्ते आणखी वेगळे फाटतात. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि कडेपासून दोन-तीन फुटांवर डांबराला लांबच लांब भेग पडते. सायकल चालते ती नेमकी तिथेच.

कड ओलांडायची रीत अशी. कडेला समांतर जात असताना आहे त्या जागेवरून हँडल वळवून कधीही चढू नका. मान वळवून मागे बघा, हात दाखवा. कडेपासून मीटरभर लांब व्हा, म्हणजे वळायला जागा मिळते. वेग ताशी ८-१० पर्यंत आणा, ब्रेक सोडा, आणि मग कड निदान ४५ अंशांत, जमल्यास काटकोनात घ्या. सीटवरून बूड दोन बोटं उचला, कोपर सैल ठेवा, पुढचं चाक चढताना हँडल किंचित वर घ्या. मागचं चाकही पार गेल्यावरच सरळ व्हा.

सर्वांत वाईट पडणं साईडपट्टीवर होतं. मागून हॉर्न वाजतो, सायकलवाला दचकून डांबरावरून खाली साईडपट्टीवर उतरतो आणि लगेच परत वर यायला बघतो. चाक डांबराच्या कडेला आतून घासतं आणि चढत नाही. हँडल आणखी वळवलं तरी चाक तिथेच अडकून राहतं, शरीर मात्र पुढे आणि उजवीकडे जातं. पडतो तो रस्त्यावर, मागून येणाऱ्या गाडीसमोर. एकदा खाली उतरलात की खालीच राहा. वेग कमी करा, थांबा, सायकल उचलून वर ठेवा. कामाला दोन मिनिटं उशीर झाला तरी चालतो.

मुळात कडेला चिकटून चालवूच नका. कडेपासून निदान तीन फूट, मीटरभर धरा. कच, काच आणि जाळ्या सगळ्या कडेलाच असतात. शिवाय मीटरभर जागा असली की आयत्या वेळी डावीकडे सरकता येतं.

खड्डे, नवे आणि बुजवलेले

डांबराला भेग पडते, पाणी खाली जातं, खालची खडी सैल होते. वरून चाकं गेली की तुकडा निघतो. खड्डा पावसाळ्यात एका रात्रीत मोठा होतो तो यामुळे. काल टाळता आलेला खड्डा आज तेवढाच असेल असं धरू नका.

कोरडा खड्डा टाळायचा असेल तर १५-२० मीटर आधीच, मागे बघून, हळूच रेघ बदला. आयत्या वेळचा झोल मागच्या दुचाकीला कळत नाही. टाळायला जागाच नसेल तर खड्ड्याच्या अलीकडे दोन्ही ब्रेक लावा आणि कडेला पोचताना सोडून द्या. पुढचा ब्रेक दाबलेला असेल तर सगळं वजन पुढच्या चाकावर आलेलं असतं आणि तेच चाक खड्ड्याच्या पलीकडच्या धारेवर आदळतं. हँडलवरून पुढे फेकलं जाणं ते हेच. दोन्ही पेडल सारख्या उंचीवर ठेवा, गुडघे वाकवा, सीटवरून उठा, गुडघ्यांना स्प्रिंगचं काम करू द्या.

पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली बघून कळत नाही. पुढची दुचाकी त्यातून जाताना किती खाली बसते ते बघा, ती न हेलकावता गेली त्या रेघेने जा. अख्खा रस्ताच पाण्याखाली असेल तर आत शिरू नका. पाण्याला कुठे भोवरा फिरत असेल तर खाली उघडं चेंबर असू शकतं. रस्त्याच्या मधोमध रोवलेली फांदी किंवा लाल फडकं लावलेली काठी दिसली की ती कुणीतरी तुमच्यासाठीच लावली आहे असं समजा, आणि तिच्या दोन्ही बाजूंची चार फूट जागा सोडा.

बुजवलेला खड्डा सपाट दिसतो आणि फसवतो. ताज्या ठिगळावर बारीक खडी सुटी पडलेली असते आणि ती गाड्यांच्या चाकांनी उडून वळणाच्या बाहेरच्या बाजूला जमा होते. गाड्यांच्या चाकांच्या दोन रेघा स्वच्छ असतात, त्यांतली डावी पकडा. नुसता मुरूम टाकला असेल तर उन्हात तो धूळ होतो आणि पावसात लोण्यासारखा होतो.

बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला लावलेले दगडही विसरू नका. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. पेठ रोडच्या चढावर अंधारात हे लक्षात ठेवावं.

जाळ्या, झाकणं, गतिरोधक

जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असतील तर सायकल तिच्यावरून सरळ जाते. पट्ट्या उभ्या, म्हणजे चाकाच्या दिशेने असतील तर २८-३५ मिलिमीटरचा टायर फटीत उतरतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. पाहणीच्या रविवारी आपल्या टायरची रुंदी फटीशी ताडून बघा. मनात शंका राहिली तर ती जाळी कायमची टाळायची. चेंबरचं झाकण खोल बसलेलं असेल तर तो खड्डाच, वर आलेलं असेल तर गतिरोधक, आणि ओलं असेल तर निसरडं लोखंड. वळणावर झाकण आलं तर वळण त्याच्या आधी किंवा नंतर घ्या, झाकणावर नको.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. गल्लोगल्ली दिसतात ते याच्या निम्म्याहून अरुंद आणि तेवढेच किंवा अधिक उंच, बहुतेक वेळा रंगाशिवाय. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे गतिरोधक तुटले की मागे खिळे आणि बोल्ट उभे राहतात. गतिरोधकाच्या डाव्या टोकाला थोडी फट असते, तिथून सुळकन निघायचा मोह होतो. तिथेच कच आणि गटाराची जाळी असते. मधून जा, काटकोनात, सीटवरून उठून. कॅरिअरवरचा डबा आणि बॅग रबरी दोरीने घट्ट बांधा. सुटलेला पट्टा मागच्या चाकात गेला की चाक जाम होतं.

निसरडं कधी आणि कुठे

जूनचा पहिला पाऊस मधल्या पावसापेक्षा घातक असतो. चार-पाच महिने सांडलेलं डिझेल, ऑइल आणि टायरची भुकटी पाण्याबरोबर वर येते आणि डांबरावर तेलकट थर तयार होतो. सिग्नलच्या थांबरेषेजवळ आणि बसथांब्यांवर तो सर्वांत जाड असतो. पावसाची सर सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं वेग निम्मा ठेवा, किंवा टपरीवर चहा घेऊन थांबा. त्याच दिवसांत जांभळं गळतात. जांभळाच्या झाडाखालचा जांभळा रस्ता साबण लावल्यासारखा असतो.

गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंतच्या काठावर, दगडी फरशीवर पावसाळाभर शेवाळ असतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी लागलं की तो रस्ता सोडा. पाणी ओसरल्यावरही आठवडाभर सोडा. पुराचा गाळ वरून वाळलेला दिसतो, खाली ओला असतो. भद्रकालीकडून नदीकडे उतरताना हा गाळ उताराच्या तळाला, म्हणजे ब्रेक लागायच्या जागीच सापडतो. बुधवारच्या बाजारानंतर संध्याकाळी तिथे भाज्यांचा पाला तुडवलेला असतो, तोही तितकाच निसरडा. दिंडोरी रोडवर मार्केट यार्डाच्या आसपास सांडलेला टोमॅटो, कांद्याची पात आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल सीझनमध्ये धरूनच चाला.

हिवाळ्यातल्या दवाकडे दुर्लक्ष होतं. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. पहिल्या पाळीला सातपूर किंवा अंबडला निघणारा सायकलवाला अंधारात आणि दवात असतो. त्या वेळी पांढरे पट्टे, लोखंडी प्लेटा आणि पुलांचे लोखंडी सांधे पावसाइतकेच निसरडे असतात, रस्ता मात्र कोरडा वाटतो. याच महिन्यात रस्त्यावर पडलेला मांजा चाकाच्या हबमध्ये गुंडाळतो. दिसला तर थांबा आणि कात्रीने कापा. ओढून काढू नका, बोट कापेल.

निसरड्यावर वळताना सायकल कमी कलवा. वळणाआधी वेग टाका, पेडल मारणं थांबवा. थांबायचंच झालं तर मागचा ब्रेक हलक्या हाताने धरा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरल्यावर बहुधा वेळच मिळत नाही.

टायर आणि हवा

टायरच्या बाजूला हवेच्या दाबाची मर्यादा कोरलेली असते, त्याच्या आत राहा. ७० किलोच्या माणसाला २६ × १.९५ च्या टायरमध्ये पुढे ३५-४० आणि मागे ४०-४५ पीएसआय पुरतात. ७०० × ३५ मध्ये पुढे ५० आणि मागे ६०. सामान जड असेल तर मागे ५ ने वाढवा. पावसात ५ ने कमी करा, पण किमान मर्यादेच्या खाली नको. हवा दर आठवड्याला गेज असलेल्या पंपाने बघा. जुन्या पद्धतीच्या, रबराची नळी असलेल्या व्हॉल्व्हमध्ये गेज नीट दाब दाखवत नाही आणि ती नळी उन्हाने कुजते. दुकानातून मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब बसवून घ्या.

पंक्चर कुठे आहे यावरून कारण कळतं. आडवी शेजारी-शेजारी दोन छिद्रं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्याच्या धारेने ट्यूब रिमवर चेपली. बाहेरच्या अंगाला एकच छिद्र म्हणजे काटा किंवा तार. आतल्या अंगाला छिद्र म्हणजे रिमटेप (रिमच्या आत स्पोकवर बसवलेली पट्टी) सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे. तिथे ठिगळ लावून उपयोग नाही, टेप बदला.

औद्योगिक वसाहतीत भंगाराच्या टेम्पोतून लेथवरच्या लोखंडी सुरळ्या पडतात, महामार्गाकडेला फुटलेल्या ट्रकटायरची केसाएवढी तार पडलेली असते. ही तार बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडकं फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. नखाने निघणार नाही, चिमटा हवा. तार तशीच ठेवून नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर तीही जाते आणि दोष ट्यूबवर येतो.

बॅगेत एवढं असू द्या: एक नवी ट्यूब, प्लॅस्टिकचे दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ठिगळं, सोल्यूशन, पॉलिश पेपर, चिमटा आणि चाकाला नट असतील तर १५ चा पाना. ठिगळ लावताना सोल्यूशन लावून तीन-चार मिनिटं वाळू द्या. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ पहिल्याच धक्क्याला सुटतं.

अंधारात दिवा हँडलवर किंवा त्याहून खाली बसवा. खालून पडलेल्या उजेडात खड्ड्याची सावली लांब पडते आणि खोली कळते. डोक्यावरच्या दिव्यात तोच खड्डा सपाट दिसतो. झोताचा मध्य १५ मीटरवर ठेवा.

जोराने आदळल्यावर

पुढे दामटत जाऊ नका. बाजूला घ्या आणि या क्रमाने बघा.

१. पुढचं चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबरांमधून ते डुलत असेल तर चाक आउट झालं आहे. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत घरी पोचता येईल, पण त्याच दिवशी आउट काढून घ्या.

२. स्पोक दोन-दोन करून बोटांनी दाबा. एखादा सैल किंवा तुटलेला असेल तर त्याला शेजारच्या स्पोकला गुंडाळा आणि हळू जा.

३. रिमच्या कडेवर बोट फिरवा. चेपलेली जागा लागली तर तिथे ब्रेक झटका देईल.

४. टायरच्या बाजूला फुगवटा असेल तर तो टायर संपला, चालवू नका.

५. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट वाजलं तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) सैल आहे. पुढच्या फोर्कला चीर किंवा वाक दिसला तर सायकल ढकलत न्या.

खरचटलं असेल तर कच निघेपर्यंत जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी दाखवा. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.

तक्रार कशी करावी

आधी रस्ता कुणाचा ते बघा. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे, तर मुंबई-आग्रा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, त्याची हेल्पलाइन १०३३. शहराबाहेरचे राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. चुकीच्या दाराशी दिलेली तक्रार तिथेच पडून राहते.

तक्रारीत “रस्ता खराब आहे” एवढंच लिहिलं तर कुणी हलत नाही. कोणत्या चौकाकडून कोणत्या चौकाकडे, डावी की उजवी बाजू, कोणत्या खांबासमोर आणि लांबी-रुंदी-खोली किती ते लिहा. सोबत दोन फोटो द्या: एक जवळून, खोली कळावी म्हणून सायकलचं चाक आत उभं करून, आणि एक लांबून, दुकानाची पाटी दिसेल असा. जाळीची तक्रार असेल तर पट्ट्या आडव्या करून मागा. ते काम स्वस्त आहे आणि एका दिवसात होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. म्हणून पडल्यावर जागेचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवलेला असू शकतो. पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद आणि औषधांच्या पावत्या एकत्र ठेवा, आणि जागेवर मदतीला धावलेल्या माणसाचा फोन नंबर घेऊन ठेवा.